टोचनमामांच्या घरची गाडी

टोचनमामांचा एक पक्का सिद्धांत होता : हायवेवर गेलेली गाडी बंद पडते. त्यांचं तरी काय चुकलं? बंद गाड्या पाठीवर घेऊन गॅरेजात पोचवणारा ट्रक ते निम्मं आयुष्य चालवत आले होते. दाताच्या डॉक्टरला सगळं जग किडलेलं दिसावं, तसं मामांना सगळं जग बॉनेट उघडून धुरात उभं दिसायचं. शेजारून सुसाट जाणाऱ्या गाड्या त्यांच्या खिजगणतीतच नव्हत्या. त्या अजून बंद पडल्या नव्हत्या, इतकंच.

माणूस मात्र लाखमोलाचा. अडकलेल्या गिऱ्हाइकाला आधी कठड्यापलीकडे उभं करायचं, पाणी पाजायचं आणि मग सुरुवात करायची, "साहेब, तो पेट्रोलचा काटा काय शोभेला लावलाय?" नवरा-बायको भांडत असतील तर मामा बॉनेटला हातच लावत नसत. "आधी तुम्ही थंड व्हा, मग इंजिनाचं बघू." गिऱ्हाइकं निमूट ऐकून घेत. हुक मामांच्या हातात म्हटल्यावर ऐकतील नाहीतर काय!

घरी मात्र हुक मामींच्या हातात होता. मामींनी ड्रायव्हिंग स्कूलला जाऊन लायसन्स काढलं तेव्हा मामा हसले. पण हायवेपलीकडच्या पडदे शिवायच्या कारखान्यात मामींनी काम बघितलं, तेव्हा ते हसायचे थांबले. तिकडे बस जात नव्हती. मालकीणबाईंनी सांगितलं होतं, उद्या दुपारी या, एक पडदा शिवून दाखवा, शिलाई आवडली तर परवापासून कामावर.

"हायवेवरून जाणार? तू?"

"मग काय, पडदा धरून उडत जाऊ?"

"आणि गाडी बंद पडली म्हणजे?"

मामींनी भांडी आवरता आवरता सांगून टाकलं, "पडली तर किल्ली तुमच्या हातात देईन, पुन्हा मागायची नाही. पण पोचले, तर तुम्ही नोकरीबद्दल चकार शब्द काढायचा नाही."

"कबूल!" मामा म्हणाले. जिंकल्यातच जमा होते ते.

"मी जाते हिच्याबरोबर," मामांच्या आई कोपऱ्यातून म्हणाल्या. "साक्षीदार नको का? आणि मला पुढच्या सीटवर बसायचंय. तू तिथे कायम हत्यारांची पेटी ठेवतोस."

दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं आणि हायवेच्या कंट्रोल रूममधल्या मुलीचा फोन आला. "मामा, पुलाच्या अलीकडे एक गाडी आहे. पंक्चर. दोन बायका आहेत."

"नाव काय?"

"त्या म्हणाल्या, नावाची गरज नाही. येणारा गाडी ओळखेल." आणि तिने खुदकन हसून फोन ठेवला.

मामांना आधी काळजी वाटली, मग आनंद झाला, मग आनंद झाल्याची लाज वाटली. पण आनंद काही गेला नाही. वाटेत त्यांनी भाषण तयार केलं. पोचले तर काय, लाल त्रिकोण मागे चांगला लांब मांडलेला, दोन्ही बाजूचे इंडिकेटर लुकलुकताहेत, दोघी कठड्यापलीकडे, आणि आई छत्री उघडून उशीवर बसलेल्या. रागवायला जागाच नाही. भाषण घशातच राहिलं.

"किल्ली," मामांनी हात पुढे केला.

"आधी डिकी उघडा," मामी म्हणाल्या.

मामांनी उघडली. आत एक दोरखंड आणि दोन गंजके हुक.

"स्टेपनी कुठाय?" मामा ओरडले.

"तेच विचारायला बोलावलंय! जॅक कुठाय? पाना कुठाय? चाक तर मी केव्हाच बदललं असतं. रोज जेवताना तुम्ही तेच तर शिकवता, इच्छा असो नसो."

मामांना एकदम आठवलं. ट्रकवरचा जॅक जड म्हणून त्यांनी घरचा जॅक आणि पाना उचलला होता, फक्त दोन दिवसांसाठी. स्टेपनीचं पंक्चर काढायला म्हणून ती ट्रकवर चढवली, पंक्चर निघालंही, पण चाक घरी उतरवायचं राहून गेलं. सगळं मागे, ट्रकवरच होतं.

"निघायच्या आधी मी डिकी बघायला हवी होती," मामी म्हणाल्या. "पण नवराच या धंद्यात असल्यावर कोण बघतं हो?"

"ते काही असो," मामांनी शेवटचा प्रयत्न केला. "गाडी थांबली ना? पैज म्हणजे पैज."

"थांबली की थांबवली?" आई छत्रीखालून म्हणाल्या. "सरळ बोल, मेल्या."

मामींनी वाद घातला नाही. त्यांनी पुलापलीकडे एकदा बघितलं आणि किल्ली पुढे केली. "घ्या. दिलेला शब्द आहे." हात काळे झाले होते, चाकाचे नट नुसत्या बोटांनी सुटतात का, तेही करून बघितलेलं दिसत होतं. याच हातांनी आता कोणाचा तरी पांढरा पडदा शिवायचा होता.

मामांनी किल्लीकडे पाहिलं. मग ती न घेताच ते ट्रककडे गेले, जॅक, पाना, स्टेपनी आणि पाण्याचा कॅन घेऊन आले आणि गुडघे टेकून बसू लागले.

"सरका. मी बदलते."

"अगं, उशीर होईल!"

"मग मधे मधे करू नका."

मामांनी तरी तीनदा सूचना केल्या. चौथ्यांदा तोंड उघडलं तेव्हा आई म्हणाल्या, "तू कठड्यापलीकडे ये बघू. गिऱ्हाइकासारखा." आणि मामा गेले.

चाक बसलं, हात धुतले गेले, गाडी सुरू झाली.

"मामा, उचलली का गाडी?" कंट्रोल रूममधून विचारणा झाली.

"नाही. आपली आपण गेली."

"मग तुम्ही कुठे आहात?"

"तिच्या मागे."

"रिकामा ट्रक घेऊन? कशाला?"

मामांनी फोन ठेवून दिला. पुढे मामींनी इंडिकेटर दिला, आरशात बघितलं, एका लांबलचक ट्रेलरला ऐटीत मागे टाकलं. "अगं, हळू!" मामा आपल्याच काचेला म्हणाले. कारखान्याच्या वळणावर गाडी आत वळली. खिडकीतून आईंचा हात बाहेर आला आणि कोंबडी हाकलावी तसा हलला : जा आता, जा!

मामांनी ट्रक कडेला घेतला. छपरावरचा पिवळा दिवा बंद केला आणि फोन उचलला. "मोकळा झालो गं पोरी. दुसरं कोणी अडकलंय का बघ."