रंगुबाईच्या डबीतली चिमूट

धोंडिरामकाका नाकावर माशी बसू देत नसत. कराडच्या आमच्या दवाखान्यात, १९९४ साली मी लॅबमध्ये लागले, तर पहिल्याच दिवशी त्यांनी मला बांगड्या उतरवायला लावल्या आणि हात तीनदा धुवायला लावले. मी बाहेर येऊन रडले. पण माणूस कामाचा, सगळी लॅब त्यांच्यावर चाले. जखमेतला पू घ्यायला ते दुसऱ्या कुणाला पाठवत नसत, कापसाची काडी घेऊन स्वतः खाटेपाशी जात. त्यातले जंतू काचेच्या ताटलीत वाढवायचे, वर औषधांच्या टिकल्या ठेवायच्या. ज्या टिकलीभोवती स्वच्छ कडं पडेल, ते औषध लागू. कडं नाही, म्हणजे जंतू त्या औषधाला भीक घालत नाही.

काकांची चैन एकच, तपकीर. रोज अकराला वॉर्डातली रंगुबाई आया कमरेची डबी काढायची आणि दोघं एकेक चिमूट ओढायची. काका नोकरीला लागले तेव्हा चहाला त्यांचा कप वेगळा ठेवलेला असे. ते बघून रंगुबाईनं सगळ्यांदेखत डबी पुढं केली होती. "घे रं. चिमटीला कुठली आलीया जात?" त्याला अठरा वर्षं झाली होती.

सत्त्याण्णव साली कडेगावकडचे निवृत्त सुभेदार मानसिंग मोडलेल्या पायात सळई बसवून आमच्या वॉर्डात पडले होते. जखम भरेना. काकांनी ताटली उघडली तर एकाही टिकलीभोवती कडं नाही. शेजारच्या दोन खाटांवरही तोच जंतू निघाला. या टिकल्यांबाहेरचं, लागू पडणारं एकच इंजेक्शन उरलं होतं, तेही पुण्याहून मागवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, "पाय वाचेल कदाचित. पण हा जंतू येतो कुठून ते शोधा, नाहीतर उद्या चौथा पेशंट." असला जंतू धडधाकट माणसाच्या नाकात मुकाट राहतो, म्हणून वॉर्डातल्या सगळ्यांच्या नाकात काडी फिरवली.

जंतू निघाला एकट्या रंगुबाईच्या नाकात. ड्रेसिंग तीच करायची. पेशंट हट्टानं तिलाच मागायचे, तिच्या हाताला गुण आहे म्हणायचे. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, आणि तिला घरी बसवायचं अशी कुजबुज सुरूही झाली.

तपासायच्या यादीत लॅबची नावं नव्हती. तरी काकांनी एक काडी घेतली आणि स्वतःच्या नाकात फिरवली. दोन दिवसांनी त्या ताटलीतही तेच, टिकल्या तशाच, कडं नाही.

मला आजही लाज वाटते, पण मी म्हणाले, "काका, ही टाकून देऊ. कोण विचारतंय?"

"पू घ्यायला रोज खाटेपाशी कोण जातं? मीच न्हवं? मग कुणाचा जंतू कुणाला लागला, हे ताटली सांगत न्हाई."

त्यांनी रिपोर्ट लिहिला. वरचं नाव स्वतःचं, खाली रंगुबाईचं. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला. एकीला काढायचं तर दुसऱ्यालाही काढावं लागलं असतं, आणि काकांशिवाय लॅब चालणार नव्हती. दोघांना नाकात लावायचं मलम मिळालं, आणि नाक स्वच्छ निघेपर्यंत वॉर्डबंदी. शिवाय ताकीद, एका डबीतली तपकीर पुन्हा नको.

महिन्याभरात दोघांची नाकं स्वच्छ निघाली. मानसिंगही काठी टेकत, पण दोन्ही पायांनी घरी गेले. त्याच आठवड्यात अकराच्या सुमाराला रंगुबाई आली. हातात एक नवी कोरी डबी होती. ती तिनं काकांपुढं धरली.

"डाक्टर म्हनलं, डब्या येगळ्या ठेवा म्हनून. ही तुजी. घे रं."

काकांनी डबी बघितली, पण घेतली नाही.

"येगळं नगं, मावशी. येगळं लय बघितलं. त्यापरीस तपकीरच सोडू."

रंगुबाईनं नवी आणि कमरेची, दोन्ही डब्या केराच्या टोपलीत टाकल्या आणि ती रोजच्या स्टुलावर बसली. मी चहा आणायला गेले.