बाबांच्या बिलावरचा कोड

नव्वदच्या आसपास मी ठाण्यात, खोपटला, एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर बिलं करायचो. साध्या तपासण्या तिथेच व्हायच्या. व्हिटॅमिन बी-ट्वेल्व्हसाठीचं रक्त मात्र मुंबईच्या मोठ्या लॅबकडे जायचं. तिथल्या लोकांना पेशंट दिसायचा नाही. त्यांच्यापर्यंत पोचायची ती रक्ताची नळी आणि बिलावर मी घातलेला कोड. या तपासणीला दोन कोड होते, एक साधा आणि एक 'उपचार चालू'. आधीच इंजेक्शनं घेतली असतील तर रक्तातलं प्रमाण वाढलेलं दिसतं आणि खरी कमतरता झाकली जाते. दुसरा कोड असला की रिपोर्टवर तशी सूचना छापून यायची.

म्हणून बिल करण्याआधी विचारावं लागायचं. खाडीकडून आलेल्या एका कोळीण मावशींना मी विचारलं, "ताकदीची इंजेक्शनं घेतलीत का?"

"घेतली तं? डॉक्टर टोचतो, मी टोचून घेते. तुला कशाला रं चौकश्या? तू बिल फाड."

बाकावरचे सगळे हसले. मी दुसरा कोड घातला.

आम्ही डोंबिवलीला राहायचो. बाबा टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले होते. त्या थंडीत एकदा ते भाजी घेऊन आले तेव्हा एकच चप्पल पायात होती.

"अहो, दुसरी कुठे गेली?" आईने विचारलं.

बाबांनी खाली पाहिलं. "अरेच्चा. भाजीवाल्याने वजनात धरली वाटतं."

आम्ही हसलो. चप्पल निसटल्याचं त्यांना कळलंच नव्हतं. मग हळूहळू एकेक कळत गेलं. तळव्यांना मुंग्या येत होत्या, अंधारात तोल जात होता. डोंबिवलीतल्या डॉक्टरांनी इतर तपासण्यांबरोबर बी-ट्वेल्व्हही लिहून दिली. मी बाबांना आमच्याच लॅबमध्ये नेलं. रक्त देऊन ते माझ्यासमोरच्या बाकावर बसले आणि शेजारच्या माणसाला "हा माझा मुलगा" म्हणून सांगू लागले. मी बिल केलं आणि साधा कोड घातला. त्यांना काही विचारलं नाही. घरच्या माणसाला काय विचारायचं, त्याचं सगळं आपल्याला माहीतच असतं, असं मी धरून चाललो होतो.

रिपोर्ट चांगला आला. डॉक्टर म्हणाले, "व्हिटॅमिनचा प्रश्न नाही, मणक्याचं बघू." मग पट्टा आला, वजनं लावणं आलं, शेक आला. बाबा आधी काठी घेऊन चालायला लागले, नंतर भिंतीला धरून. हातही बधिर झाले, शर्टाची बटणं आई लावून द्यायची. पावसाळा संपला तेव्हा कोणीतरी वर्तकनगरच्या नसांच्या डॉक्टरांचं नाव सुचवलं. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि बाबांनाच विचारलं, "या तपासणीच्या आधी कसली इंजेक्शनं घेतली होती का?"

"घेतली ना, तीन. ताकदीची, लाल रंगाची. पाय ओढतात म्हटल्यावर शेजाऱ्यांनी सांगितलं, त्यांच्या ओळखीच्या कंपाउंडरकडून घ्या म्हणून."

"मग हा रिपोर्ट काय कामाचा? लॅबमध्ये विचारलं नाही कोणी?"

मी बाबांच्या शेजारच्याच खुर्चीत होतो. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"विचारलं असेल हो. माझ्याच लक्षात राहत नाही हल्ली."

डॉक्टरांनी मान हलवली. तेव्हा बोलायला हवं होतं. मी मात्र त्यांनी लिहून दिलेला कागद घडी करून खिशात ठेवला, बाबांना रिक्षात बसवून घरी आणलं आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर काउंटरवर गेलो. रडू आलं नाही. घाबरलोही नाही. संध्याकाळपर्यंत बिलं केली, त्यात एकही चूक झाली नाही. आपल्याला काही वाटत कसं नाही, एवढंच मधूनमधून मनात येत होतं.

इंजेक्शनं नीट सुरू झाली. बाबांचे हात सुधारले, शर्टाची बटणं ते स्वतः लावू लागले. पायांचं मात्र डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, उशीर झालाय, जेवढं परत येईल तेवढं आपलं. तळवे परत आले नाहीत. त्या दिवशी दवाखान्यात ते खोटं का बोलले, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. त्यांनीही तो विषय काढला नाही.

एकदा कढत पाण्याने त्यांचा पाय भाजला आणि त्यांना फोड दिसेपर्यंत कळलं नाही. तेव्हापासून त्यांच्या आंघोळीचं पाणी मी काढू लागलो. मोरीच्या दाराला धरून ते उभे राहायचे आणि विचारायचे, "बघ रे, कसं आहे?"

मी बादलीत हात घालायचो आणि सांगायचो, "ठीक आहे बाबा. या."