आईची ओव्याची धुरी

आई थोड्या महिन्यांसाठी पुण्याहून आमच्याकडे परदेशात, ट्रुगानिनाला आली, सीमा बंद झाल्या आणि ती अडकली ती अडकलीच. वसंतात मागच्या माळावरचं गवत फुललं, तशा तिला शिंका सुरू झाल्या. "अगं, परागकण आहेत, गोळी घे," मी म्हणायची. ऐकेल ती आई कसली!

एका दिवशी नुसती भट्टी तापली होती. संध्याकाळी एकदम वादळ आलं, आणि पाठोपाठ आईला खोकला. त्या दिवसांत खोकला म्हणजे कोरोनाच! बाई खोलीत शिरली आणि दाराला आतून खुर्ची लावून बसली. "कुणी आत यायचं नाही. आणि अँब्युलन्स बोलावलीस तर याद राख!" तिकडे मावशीला हॉस्पिटलात नेलं होतं, ती घरी आलीच नाही.

इतक्यात स्मोक अलार्म कोकलायला लागला. दार खुर्चीसकट ढकललं तर धूपदाणीत निखारा, त्यावर ओवा आणि लसणाची सालं, आणि त्यावर वाकलेली आई. खोकल्यावर आमच्याकडचा रामबाण उपाय! ओठ निळे पडलेले, तोंडातून शब्द फुटेना. तो अलार्म वाजला नसता तर? विचारसुद्धा नको.

ट्रिपल झीरो या इथल्या इमर्जन्सी नंबरवरची बाई म्हणाली, आज सगळीकडून असेच फोन येतायत, गाडीला वेळ लागेल, कुणाकडे दम्याचा निळा पफर, म्हणजे तोंडाने ओढायचा पंप, आहे का बघ. मी रस्त्यात उभी राहून बोंब ठोकली. समोरचे गोरे आजोबा, ज्यांच्याशी माझं कचऱ्याच्या बिनवरून कडाक्याचं वाजलं होतं, ते स्लिपरवरच धावत आले. स्वतः दम्याचे, तरी स्वतःचाच पफर माझ्या हातात कोंबला. "नो वरीज, लव्ह." मला रडूच फुटलं, रडत रडतच तो आईच्या तोंडाला लावला.

अँब्युलन्स आली. बरोबर कुणाला सोडत नव्हते. इंग्रजीचं अक्षर न येणारी माझी आई, नखशिखांत झाकलेल्या अँब्युलन्सवाल्या पोरीचा हातमोजा घट्ट धरून एकटी गेली. मावशीही अशीच गेली होती. रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा नाही.

सकाळी डॉक्टरांचा फोन आला. कोरोना नाही, वादळाने परागकण फुटून त्यांचा भुगा छातीत गेला होता, त्यानेच दमा उठला. हवा तापतेय, गवताचा मोसम लांबतोय, असे दिवस वाढणार, म्हणाले. आवाज थकलेला. आधीच महामारीने पिचलेली माणसं ती, तरी माझ्या प्रत्येक प्रश्नाला शांतपणे उत्तर दिलं. त्या सगळ्यांचे उपकार मी कुठे फेडू?

मग नर्सने आईसमोर व्हिडिओ कॉल धरला.

"बावळट कुठली! माझा चष्मा पाठवला नाहीस, कवळी पाठवली नाहीस, आणि इथला चहा म्हणजे निव्वळ कोमट पाणी, घेऊन जा मला!"

एवढं सगळं ती मध्ये कुठेही श्वास न घेता बोलली.

"अजून बोल," मी म्हटलं. "बोलत राहा."