सुकवलेला राजा

मनवेलपाड्याच्या बाजारात राजोडीची एक बाई सुके बोंबील विकते. रद्दीचा कागद पुरता वाचल्याशिवाय ती त्यात बोंबील बांधत नाही. गिऱ्हाईक ताटकळलं तरी बेहत्तर.

बायको गेल्यापासून मी एकट्यापुरतेच घेतो. परवा स्वप्नात इजिप्तचा कुणी राजा दगडी पेटीत उठून बसला, आणि सकाळी बाईच्या हातातल्या कागदावर नेमका तसाच राजा! मी तिला स्वप्न सांगून टाकलं. कुणाशी इतकं बोलून महिना झाला असेल.

वाचता वाचता ती म्हणाली, "मीठ लावून सुकवलाय, आमच्या बोंबलासारखा. टिकला खरा, पन एकटा पडलाय बिचारा."

मग बोंबील दुसऱ्या कागदात बांधून तिने राजा माझ्या हातात दिला. "घरी न्या. दोघं व्हाल."