काठवटीतली बॅटरी

माझी जाऊ बाळंतपणात तीन दिवस अडली होती. शेवटी सुईण म्हणाली, "माझ्यानं न्हाई होत. बीडला न्या." दिंद्रुडहून बीडला बैलगाडीनं दोन दिवस लागायचे. तेवढा दम तिच्यात नव्हता.

गावात मोटार एकच, पाटलांची. ती माझा नवरा चालवायचा. पण डायनामो बिघडल्यामुळं तिची बॅटरी भरत नव्हती. निम्म्या वाटेत मोटार बंद पडली असती. पाटलांच्या रेडिओची बॅटरी कालच बीडहून भरून आली होती. ती नवऱ्यानं मागून आणली.

ठेवायला जागा आतच, मागच्या सीटपाशी. आतलं तेजाब सांडलं तर कातडी जळते आणि कोंडलेल्या वाफेत ठिणगी पडली तर बॅटरी फुटते, असं मिस्त्रीनं नवऱ्याला बजावलं होतं. त्यानं लाकडाचं भांडं मागितलं. मी भाकरीची काठवट दिली. सांडलेलं तेजाब शोषायला तिच्यात राख पसरून त्यानं बॅटरी बसवली आणि चऱ्हाटानं सीटला आवळली. "विस्तव आत न्हाई पायजे," म्हणाला.

सासूनं मोटारीला चहूबाजूंनी लुगडी बांधली. जाऊ सीटवर, सासू तिच्या उशाशी, मी खाली काठवट धरून.

निम्म्या वाटेत मोटारीची आपली बॅटरी संपली आणि मोटार थांबली. नवरा काठवटीतल्या बॅटरीला तार जोडायला मागं आला आणि मला ओव्याच्या धुराचा वास आला. सासूच्या पदराआड राखेनं झाकून आणलेली शेगडी होती, तिच्यावर तिनं आत्ता ओवा टाकला होता.

"माय, विस्तव कावून आणला?" नवरा ओरडला.

"अडलेल्या बाईला शेक नगं? का तुजी मोटारच लई मोठी?"

मी शेगडी उचलून रस्त्याकडंच्या चारीत उपडी केली. तळहात भाजला. मग लुगडी ओढून काढू लागले. सासूनं माझा हात धरला.

"लाज हाय का? बाजारची माणसं चाललीत!"

"आत्याबाई, बघू द्या. मेल्यावर झाका."

जाऊ अर्धी उघडी होती. गाड्या हाकणारे माना वळवून बघत होते.

नवरा तार हातात धरून उभा. "जोडताना ठिणगी उडती. वारा खेळू दे. शंभर मोज."

चौथीपर्यंतच्या शाळेत शिकले होते तेवढे आकडे मी मोठ्यानं मोजायला लागले. साठाला जाऊचं कण्हणं थांबलं. मी पुढं मोजत राहिले. दुसरं काय करणार?

शंभराला तार जोडली. ठिणगी उडाली, विझली. मोटार चालू झाली.

बीडच्या दवाखान्यात मूल मेलेलंच निघालं. जाऊ वाचली.

घरी आल्यावर पंधरा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मग एकदा भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "पडदा कावून काढला?"

"तू जगावीस म्हणून."

मूल आम्ही तिकडंच पुरून आलो होतो. तिला सांगण्यासारखं माझ्याकडं दुसरं काही नव्हतं.