तालमीचं कुलूप

आमच्या पेठेतल्या तालमीची पोरं हल्ली पंचगंगेचा घाट झाडतात, पूर आला की लोकांचं सामान डोक्यावरून वाहतात. लोक कौतुक करतात. पण हे सगळं सुरू झालं ते जोतीराम वस्तादांच्या हट्टामुळं. माझं घर तालमीच्या समोरच, त्यामुळं सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

अठ्ठेचाळीस साली गांधीजींची हत्या झाली आणि ब्राह्मणांच्या घरांवर जमाव चालून गेले. आमच्या गल्लीत मुलींना शिकवणाऱ्या विमलाबाईंचं घर पेटवलं. बाई एकट्या, विधवा. मागच्या दारानं निसटल्या म्हणून वाचल्या. जमावात तालमीची पोरंही होती. कोण कोण, ते कुणी सांगेना.

दुसऱ्याच दिवशी वस्तादांनी तालमीला कुलूप घातलं.

"बाईंचं घर हुबं करायचं. बाई त्यात ऱ्हायला आल्याबिगर आखाड्यात पाय ठेवायचा न्हाय!"

पोरं खवळली. जत्रांच्या कुस्त्या तोंडावर आलेल्या. निम्मी दुसऱ्या तालमीत गेली, जाताना वस्तादांना नाही नाही ते बोलून गेली. त्यांचा लाडका पठ्ठ्या कृष्णात राहिला, पण मान खाली घालून. आखाड्याची माती मळणारे पाय आता भिंतींचा चिखल तुडवू लागले. बाईंचं घर बांधतात म्हणून गल्लीत कुणी त्यांना पाण्याचा तांब्या देईना. मी दिला, तर नवऱ्यानं माझ्याशी अबोला धरला. खड्ड्यात गेला त्याचा अबोला!

पावसाळ्याच्या आत कौलं चढली. वस्तादांनी बाईंना बोलावून आणलं. त्या उंबऱ्यापाशीच थांबल्या.

"घर चांगलं झालंय, वस्ताद. पण मी पुण्याला भावाकडं जाते. त्या दिवशी ते शड्डू ठोकत आले होते. धुरात तोंडं दिसली नाहीत, मांडीवरची थाप तेवढी ऐकली. तीच थाप रोज समोरून ऐकत मी इथं कशी राहू?"

वस्तादांचा चेहरा उतरला. त्यांना ना बायको ना पोर, तालीम हाच जीव. त्यांनी कमरेची किल्ली सोडली आणि बाईंपुढं धरली.

"तुमी ऱ्हावा की. कुलूप तुमीच उघडायचं. न्हाय उघडलं तर ऱ्हाऊ दे बंद, जल्मभर."

बाई राहिल्या. किल्लीही त्यांच्याकडंच राहिली. वस्ताद रोज बंद दारापुढं बसायचे. उरलेल्या पोरांना घेऊन कधी गटार उपसायचे, कधी विहिरीचा गाळ काढायचे. मला बाईंचा राग यायचा, आणि राग आल्याची लाजही वाटायची.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी बाई किल्ली घेऊन आल्या. गंजलेलं कुलूप त्यांनी स्वतः उघडलं आणि दारातच उभ्या राहिल्या. पोरं बिचकत आत गेली.

"शड्डू ठोका," बाई म्हणाल्या. "मला आता तोंडं बघून ऐकायचंय."

कुणी हलेना. वस्तादांनी कृष्णातकडं पाहिलं. त्याचा हात वर गेला, पण मांडीवर येईना.

"बाई, मी..."

"ठाऊक आहे मला, कृष्णात. माझ्या दारावरून जाताना तू एकदाही वर बघितलं नाहीस. आता माझ्याकडं बघ आणि ठोक."

त्यानं डोळे वर केले. थाप घुमली. बाईंनी चौकट घट्ट धरली, पण त्या दारातून हलल्या नाहीत.