घाईवाले काका आणि बदकाची शिट्टी

त्या दसऱ्याला इथं अमेरिकेत, शुगर लँड गावातल्या काकांच्या गॅरेजात आम्ही चौघं होतो. घाईवाले काका, त्यांची मुलगी नेहा, शेजारचा रे नावाचा म्हातारा, आणि मी. मी म्हणजे काकांकडं चपात्या करायला जाणारी बाई. त्यातले दोघं आता नाहीत, म्हणून सांगून ठेवते.

घाईवाले हे नाव मी मनातल्या मनात ठेवलेलं. माणूस नागपूरचा, इंजिनियर, सगळा जन्म प्लास्टिकच्या कारखान्यात गेलेला. चहा तोंड भाजत प्यायचे. मी तव्यावर चपाती टाकली की ताट घेऊन मागं उभे. मी म्हणायची, "काका, फुगू तर द्या." ते म्हणायचे, "पोटात फुगते ना बाप्पा, द्या." वयानं माझ्याबरोबरीचेच, पण सगळे काका म्हणायचे म्हणून मीही म्हणायची.

मला घाई कधी परवडलीच नाही. या देशात आले ते मोटेलच्या खोल्या साफ करायला. नवरा गेला, दिवसकार्य झालं, आणि परत चादरी बदलायला गेले. गुडघे तिथंच गेले. मग चपात्या धरल्या. उभ्यानं करायचं काम, पण वाकावं तरी लागत नाही.

काकू गेल्यावर काकांना घर खायला उठलं. रेच्या नादानं त्यांनी गॅरेजात लेथ, म्हणजे लाकूड-प्लास्टिक गरगर फिरवून घडवायचं यंत्र, आणून बसवला आणि शिकाऱ्यांसाठी बदकाच्या शिट्ट्या करायला लागले. हाताच्या वितीएवढी नळी, आत पातळ पातं. फुंकलं की हुबेहूब बदक बोलतं, आणि वरून उडणारी बदकं खाली वळतात. शेजारी कुणी अंडं तळलं तर खिडकी लावून घेणारा हा माणूस. मी एकदा विचारलं, पाप नाही का लागत? तर म्हणाले, "मी फक्त हाक करून देतो. पुढचं ज्याचं त्यानं बघावं."

लाकडाच्या शिट्ट्या चांगल्या व्हायच्या. पण लोकांना चकचकीत ॲक्रिलिक हवं, आणि ते तडकायचं. ॲक्रिलिकला भोक पाडताना ड्रिल थोडं घालायचं, बाहेर काढायचं, गार होऊ द्यायचं, हे मला काकांनीच सांगितलेलं. घाईनं दाबलं की ते गरम होतं आणि ताण आत राहून जातो, वरून काही दिसत नाही. "तडा आज दिसला म्हणजे आज पडला असं नसतं, बाई," म्हणायचे. असं सांगायचे आणि लगेच परत ड्रिल दाबायचे.

रेची फुप्फुसं संपत आलेली. नाकात नळी, मागं ऑक्सिजनची ढकलगाडी. जन्मभर शिकार केलेला माणूस, त्याला एवढंच हवं होतं की या थंडीत मुलाबरोबर जावं आणि एकदा स्वतःच्या तोंडानं बदकं बोलवावीत. साध्या शिट्टीला दम लागतो, तो त्याच्यात नव्हता. म्हणून काकांनी ॲक्रिलिकची हस्तिदंतासारखी पांढरी शिट्टी केली, अगदी पातळ पात्याची, नुसत्या श्वासावर बोलणारी.

दसऱ्याला ती रेनं वाजवून बघितली. बोलली. मग काकांनी लेथ, कानशी, ड्रिल आणि ती शिट्टी मांडून हळदकुंकू वाहिलं. शिट्टीवर हळदीचा पिवळा डाग बसला. रे म्हणाला, असू दे, छान दिसतोय. पण डागाची वस्तू देतील ते काका कसले. नेहा म्हणत होती, "बाबा, वेट, मी फोनवर बघते कशानं निघतं ते." तोवर यांनी स्पिरिटची बाटली उघडून फडक्यानं खसाखसा पुसलं पण.

आमच्या डोळ्यांदेखत त्या पांढऱ्यावर बारीक तड्यांचं कोळ्याचं जाळं उमटलं. रेनं फुंकली, तर फडफड नुसती. हवा फटीतून जात होती. जोर लावायला गेला आणि खोकत स्टुलावर बसला.

नेहा हळूच म्हणाली, "बाबा, यू न्यू धिस. माहीत होतं तुम्हाला."

"हो," काका म्हणाले. "आत ताण असलेल्या ॲक्रिलिकला स्पिरिट लावायचं नाही, हे कारखान्यात पोरांना मीच शिकवायचो."

दुसरी करायला घेतली तेव्हा मी वेगळाच माणूस बघितला. ड्रिल थोडं घालायचे, काढायचे, येऊन ओट्याशी बसायचे. आतला ताण निघावा म्हणून छोट्या ओव्हनमध्ये मंद आचेवर ती नळी ठेवायचे, ओव्हन बंद करून आतच गार होऊ द्यायचे. शिकारीचा सीझन सुरू झाला. रे रोज खंगत होता, त्याचा मुलगा दारात येऊन विचारून जायचा. मीही विचारलं, झालं का? काका म्हणाले, "नाही. आज तिला पडून राहू दे." मला वाटायचं, हा माणूस आता उशीर करतोय, रे राहतोय की जातोय.

शेवटी झाली. साबणाच्या पाण्यानं धुतली, हळदीला जवळ येऊ दिलं नाही. पाणी भरलेल्या भातशेताच्या कडेला मुलानं रेला व्हीलचेअरवर नेलं. मी तिथं नव्हते, मुलानं सांगितलं ते सांगते. पहिला श्वास फुकट गेला. दुसऱ्याला बोलली, आणि बदकं वळली.

दुपारी मुलानं एक साफ केलेलं बदक काकांना भेट आणून दिलं. काकांनी पिशवी दोन बोटांत धरली. "बाई, हे तुमचं." मी घरी नेऊन कांदालसूण मसाल्यात केलं. दुसऱ्या दिवशी मान फिरवूनच विचारलं त्यांनी, कसं झालं होतं.

"चिवट," मी म्हणाले.

"मग रेचंच बदक ते," म्हणाले, आणि काकू गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर हसले.

रे त्याच थंडीत गेला. शिट्टी त्याच्या शर्टाच्या खिशात ठेवून त्याला पुरलं. काका उन्हाळ्यात गेले, हार्टनं, दुकानात रांगेत उभे असताना.

आता नेहा घर विकतेय. लेथ कुणालाही देऊन टाका म्हणाली. ॲक्रिलिकची कोरी कांडकी खोकंभर पडलीत. वाचणाऱ्यांपैकी कुणाला हे काम येत असेल, शिकायचं असेल, तर येऊन घेऊन जा, घर विकलं जाईपर्यंत मीच असते तिथं. पैसे नकोत. बेल वाजवलीत की जरा थांबा, मला दारापर्यंत यायला वेळ लागतो.